पुरासाठी बांधलेलं तळं, सायकलींना सापडलेला रस्ता

फ्रान्स आणि सायकल म्हटलं की टूर द फ्रान्सचे आल्प्समधले घाट डोळ्यांपुढे येतात. साध्या सायकलस्वाराला मात्र शाँपेन प्रांतातलं देर सरोवर अधिक मानवेल. सुमारे 4,800 हेक्टरचं हे पाणी निसर्गाची देणगी नव्हे. मार्न नदीच्या पुराचा पॅरिसला बसणारा तडाखा कमी व्हावा म्हणून 1974 साली ते तयार झालं. हिवाळ्यात-वसंतात पाणी साठवायचं आणि नदी आटू लागली की सोडायचं, असा त्याचा हिशेब. सायकलस्वाराचं सुख याच हिशेबातून आलं, असं मला वाटतं. बांधाचा माथा सपाट, त्यामुळे चढ नाही. मागच्या खेड्यांतल्या रस्त्यांवर वाहनं तुरळक. शिवाय गावाबाहेर सायकलला ओलांडताना मोटारीने दीड मीटर अंतर सोडावं, असा देशाचा कायदाच आहे.

चढ नाही तर मजा कसली, असं कसलेले सायकलपटू विचारतील. उघड्या बांधावर समोरून वारा सुटला की त्यांचं समाधान होईल. दुसरा आक्षेप वजनदार आहे: इथे तीन गावं बुडाली. कोयना किंवा उजनीकाठच्या वाचकाला त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. न्वीझमाँचं लाकडी चर्च हलवून वाचवलं, शाँपोबेरचं जागेवरच उभं राहिलं, घरं गेली. पण तो निर्णय पुरासाठी होता. सायकलींमुळे निदान त्या मुलखात माणसांची ये-जा राहिली. जायचंच तर शरदाच्या अखेरीस जावं: पाणी ओसरलेलं असतं आणि स्थलांतर करणारे हजारो क्रौंच तिथे उतरतात.