एक घर, चार बिऱ्हाडे

उज्जैनचे जुने शहर क्षिप्रेच्या काठी, महाकाल मंदिराच्या आसपास वसलेले आहे. रेल्वेमार्ग ओलांडून पलीकडे गेले म्हणजे फ्रीगंज ही नवी वस्ती लागते. तिच्या मध्यभागी घड्याळाचा मनोरा उभा आहे, आणि त्यावरून त्या जागेस टावर चौक हे नाव पडले आहे. सायंकाळी येथे खाण्याच्या गाड्या लागतात व माणसांची एकच गर्दी उसळते. शिंद्यांच्या राजवटीपासून या शहरात मराठी कुटुंबे नांदत आली आहेत, त्यामुळे बाजारात मराठी शब्द कानी पडला तर नवल वाटू नये.

येथे खोलीला मागणी का, हे सांगावयास नको. 1957 साली विक्रम विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हापासून परगावचे विद्यार्थी येथे बिऱ्हाड शोधीत आहेत. ऑक्टोबर 2022 मध्ये महाकाल लोकाचे उद्घाटन झाल्यावर यात्रेकरूंची रीघ वाढली. आता 2028 च्या सिंहस्थाकडे सर्वांचे डोळे लागले आहेत. अशा वेळी माडीवरच्या दोन खोल्या व परसातील एक खोली रिकामी असेल, तर ती भाड्याने द्यावी असे कोणाही गृहस्थास वाटणे स्वाभाविक आहे.

वाचकहो, हा प्रश्न केवळ उज्जैनचा नाही. शहर जवळ सरकले म्हणजे आपल्या वाडीतही गोठ्याच्या जागी खोल्या उभ्या राहतात. वडिलांच्या घामाने उभे राहिलेले घर आणि परक्या मुलखातून आलेल्या माणसाची अनामत, या दोन्ही गोष्टी एका तोंडी शब्दावर टांगून ठेवणे शहाणपणाचे नाही, हेच आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

प्रथम आपण कोणाला ठेवीत आहोत, हे ठरवावे. एक कुटुंब ठेवणे, चार विद्यार्थ्यांना खोल्या वाटून देणे आणि रात्रीपुरते यात्रेकरू उतरविणे, ही तीन निरनिराळी कामे असून तिन्हींचे नियम वेगळे आहेत.

चार विद्यार्थी एकाच कागदावर सह्या करून खोली घेतात, तेव्हा बहुधा कोणी पुढचा विचार करीत नाही. 1872 च्या भारतीय करार कायद्याचा सर्वसाधारण नियम असा की, अनेकांनी मिळून दिलेले वचन त्यांच्यापैकी कोणा एकाकडूनही पुरे करून घेता येते. करारात वेगळे लिहिले नसेल, तर एक मुलगा परीक्षा संपवून गावी निघून गेल्यावर त्याच्या वाट्याचे भाडे उरलेल्या तिघांकडे मागता येते. त्यांनी ते चौथ्याकडून वसूल करावे, हा त्यांचा प्रश्न. गरीब घरच्या मुलावर असा बोजा पडू नये, म्हणून प्रत्येकाशी स्वतंत्र करार करावा हे बरे. खोली कोणती, खाट कोणती, मोरी व संडास कोणाबरोबर सामाईक, विजेचे बिल कसे वाटावयाचे, पाहुणा किती दिवस राहील, हे सारे त्यात लिहावे. भाड्याची पावती दर महिन्यास द्यावी, व अनामत घेतल्याची वेगळी द्यावी.

मध्य प्रदेशाने 1961 साली स्थान नियंत्रण कायदा केला. भाडे थकले म्हणून घरमालकाने भाडेकरूचे सामान उचलून रस्त्यावर टाकावे, असे त्या कायद्यास मान्य नाही. आधी लेखी मागणी करावी, दोन महिने वाट पाहावी, आणि तरीही बाकी चुकती न झाल्यास न्यायालयात जावे, असा मार्ग त्याने घालून दिला. लेखी संमतीवाचून पोटभाडेकरू ठेवणे, हेही जागा परत मागण्याचे एक कारण त्यात सांगितले आहे. उतारवयातील निवृत्त नोकरांना आणि विधवा स्त्रियांना स्वतःच्या गरजेसाठी जागा लवकर परत मिळावी, म्हणून पुढे त्यात निराळी तरतूद घालण्यात आली. कायदा दोघांकडेही पाहतो, तो असा.

जून 2021 मध्ये केंद्र सरकारने आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा संमत केला. तो स्वीकारावा की नाही, हे प्रत्येक राज्याने ठरवावयाचे आहे. त्यातील तीन गोष्टी मात्र कोणत्याही घरमालकाने आजच पाळाव्यात अशा आहेत: राहत्या जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक घेऊ नये, भाडेकरूच्या खोलीत शिरण्यापूर्वी चोवीस तास आधी कळवावे, आणि भांडण झाले तरी पाणी व वीज तोडू नये.

यात्रेकरू उतरविण्याचा प्रकार त्याहून वेगळा आहे. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाच्या गृहनिवास योजनेत एक ते सहा खोल्यांपर्यंत नोंद होते, आणि घरमालकाने आपल्या कुटुंबासह त्याच घरात राहिले पाहिजे, अशी अट आहे. परदेशी पाहुणा आला तर त्याची माहिती चोवीस तासांच्या आत सरकारास कळवावी लागते. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देण्याचा आदेश जिल्हाधिकारी काढतात, तेव्हा तो मोडणे हा गुन्हा ठरू शकतो. म्हणून ओळखपत्राची प्रत घेतल्याशिवाय कोणासही किल्ली देऊ नये.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा 1908 च्या नोंदणी कायद्याने नोंदवावा लागतो. यातून सुटका म्हणून लोक अकरा महिन्यांचा करार करतात व निर्धास्त होतात. महाराष्ट्रात ही वाट बंद आहे. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे करार अकरा महिन्यांचा असला तरी तो लेखी व नोंदलेला असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. इतकेच नव्हे, तर नोंद नसलेल्या कराराच्या अटींविषयी वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते. उलट, नोंदलेल्या परवाना कराराची मुदत संपल्यावरही जागा न सोडणाऱ्यास दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. नोंदणीचे चार पैसे वाचविणाऱ्याने हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

काही जण म्हणतील, “आमची माणसे ओळखीची, कागद कशाला?” आमचे उत्तर असे की, ओळखीच्या माणसाबरोबरच कागद अधिक हवा. अनोळखी माणसाशी बिघडले तर पैसे जातात, ओळखीच्याशी बिघडले तर शेजारही जातो. कागद हा अविश्वासाची खूण नसून, पुढे दोघांनाही एकमेकांसमोर मान खाली घालावी लागू नये, यासाठी केलेली सोय आहे.

टावर चौकातील मनोऱ्यावरचे घड्याळ जसे येणाऱ्या-जाणाऱ्या सर्वांना एकच वेळ दाखविते, तसा करारनामा घरमालकास व भाडेकरूस एकच गोष्ट सांगणारा असावा. मग एका घरात चार बिऱ्हाडे नांदली तरी उंबरठ्यावर भांडण येत नाही, आणि परगावचा मुलगा परीक्षा देऊन निघताना अनामत हाती घेऊन, घरच्या बाईंना नमस्कार करून जातो.