दाजी, बॅटरी धरा

सकाळी सहा. ऑक्टोबरचा शनिवार. गॅरेजचं दार अर्धं वर आहे आणि आत माझा मेहुणा 1990 सालच्या टोयोटा पिकअपखाली उताणा होऊन गंजक्या बोल्टांवर तेल फवारतो आहे. रात्री फवारलं होतंच, पण गंज एका रात्रीत ऐकत नाही. सॅक्रामेंटोजवळच्या या फॉल्सममध्ये इंटेलचं मोठं कॅम्पस असल्यामुळे मराठी घरं पुष्कळ. गणपतीत ढोल असतो, दिवाळीत फराळ असतो. शनिवारी ग्राइंडर मात्र बहुधा याच एका मराठी घरात चालत असावा.

मेहुणा आठवडाभर चिपच्या चाचण्या घेतो, पण वाढला कोल्हापूरच्या उद्यमनगरात, वडिलांच्या लेथशेजारी. मी लिहिण्या-वाचण्यातला. माझ्याकडे काम एकच. "दाजी, बॅटरी धरा."

आजचा बेत सांगायला सोपा आहे. गाडीच्या पुढच्या चाकांचं कारखान्यातून आलेलं स्वतंत्र सस्पेन्शन काढायचं आणि त्या जागी कमानपाट्यांवर बसलेला एकसंध, सरळ ॲक्सल लावायचा. तो ॲक्सल भिंतीशी ट्रॉलीवर काळा रंग लावून ठेवलेला आहे. 1985 सालच्या एका मोडीत निघालेल्या पिकअपचा. तो उघडणं, नकलची, म्हणजे चाक वळवणाऱ्या टोकाची, बेअरिंगं आणि सगळी सीलं बदलणं, तिथले बिरफिल्ड जॉइंट धुऊन त्यांत काळं मोलिब्डेनम ग्रीस ठासणं, हे आधीच्या सुट्ट्यांत उरकलंय. गिअरचं प्रमाणही तेव्हाच तपासलं. मागे 4.10 आहे, म्हणजे पिनियनला 10 दाते आणि क्राउनला 41, तर पुढेही तेच हवं. त्यात फरक पडला तर फोर-व्हील लावताच पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि कुठला तरी गिअर जातो.

सात. गाडी वर उचलून चासीखाली लोखंडी घोड्या लावतो. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली मेहुणा हातसुद्धा घालत नाही. पुढची चाकं सुटली. आठच्या आधी आवाजाचं काम करायचं नाही असं शेजाऱ्यांशी ठरलेलं आहे, म्हणून हा तास बोल्ट, पाने आणि चहाचा.

चहा पिताना त्याला विचारलं, चालती गाडी का फोडायची? टोयोटाने अमेरिकेत 1979 पासून जे फोर-व्हील पिकअप विकले त्यांना पुढे सरळ ॲक्सल होता. 1986 च्या मॉडेलला तो गेला आणि टॉर्शन बारवरचं स्वतंत्र सस्पेन्शन आलं. ऑस्ट्रेलियासारख्या देशांत याच पिकअपच्या, म्हणजे हायलक्सच्या, काही मॉडेलांना सरळ ॲक्सल नव्वदच्या दशकातही मिळत राहिला, अमेरिकेत नाही. गिऱ्हाइकाला ट्रक कारसारखा चालायला हवा होता आणि हायवेवर नवं सस्पेन्शन चांगलंच होतं. दगडांत मात्र उलटं होतं. सरळ ॲक्सल तराजूच्या दांडीसारखा. एक चाक दगडावर चढलं की दुसरं खाली दाबलं जातं आणि पकड सोडत नाही. स्वतंत्र सस्पेन्शनचा हात थोडा वर जातो, थोडा खाली जातो, मग चाक हवेत लटकतं. त्यात मोठे टायर बसवण्यासाठी गाडी उंच केली की हाफ शाफ्टचे सांधे तिरक्या कोनात फिरतात आणि तुटतात. इथून वर डोंगरात रुबिकॉन ट्रेल आहे, जॉर्जटाउनच्या बाजूने टाहो तळ्याकडे जाणारा 22 मैलांचा दगडांचा रस्ता. 1953 पासून तिथे जीपवाल्यांची जत्रा भरते. मेहुण्याला त्या दगडांत जायचंय. माझ्या मते माणसाने तिथे पायी जावं, पण मत विचारलेलं नाही.

आठ. पहिलं खरं धोक्याचं काम. टॉर्शन बार म्हणजे पीळ दिलेली पोलादी सळई, गाडीचा पुढचा भार तीच पेलते. तिचा ताण न सोडता हात सोडवले तर लोखंड कुणाच्याही तोंडावर येईल. मागच्या टोकाचे लांब बोल्ट तो पाव-पाव फेऱ्याने सैल करतो, डावा-उजवा आळीपाळीने. या अर्ध्या तासात तो माझ्याशी एक शब्दही बोलत नाही. ताण गेला की त्याच सळया हाताने ओढून निघतात.

मग सगळं भराभर. ब्रेकचे कॅलिपर तारेने बांधून बाजूला, हाफ शाफ्टचे नट, पुढचा प्रोपेलर शाफ्ट, डिफरन्शियलमधलं तेल परातीत. डिफरन्शियल जॅकवर अलगद खाली आलं. वरचे हात सुटले. खालच्या हातांचे बोल्ट मात्र तीस-पस्तीस वर्षांत रबरी बुशांच्या आतल्या नळ्यांशी एकजीव झाले आहेत. हातोडा झाला, गॅसची ज्योत झाली, मोठा पाइप लावून जोर झाला. शेवटी ते कापावेच लागले. अशा कामात कारखान्याचा प्रत्येक बोल्ट सुटेल असं धरून चालणारा माणूस दुपारी उपाशी राहतो.

दहा ते एक. कापणं. इथे दिवसाचा खरा घाम गाळला जातो. चासीला जुन्या सस्पेन्शनचे आडवे पट्टे, हातांचे कान, आदळपट्ट्या असं बरंच काही चिकटलेलं असतं, काही बोल्टने, काही कारखान्याच्या वेल्डिंगने. ते सगळं जायला हवं आणि चासीच्या पत्र्याला ओरखडासुद्धा नको. म्हणून प्लाझ्माने कापताना तो दोन-तीन मिलिमीटर लोखंड जाणून शिल्लक ठेवतो आणि उरलेलं ग्राइंडरने सपाट करतो. घाई करून चासीतच खड्डा पाडला तर पुढे त्याच जागेवर चीर जाते.

कापण्याआधीची तयारी कापण्याइतकीच लांब. बॅटरीची दोन्ही टोकं काढली. पेट्रोलची आणि ब्रेकची नळी चासीवरून सोडवून बाजूला केली, तिच्यावर ओलं पोतं टाकलं. अंगात सुती कपडे, कारण टेरिकॉट ठिणगीने कातडीला चिकटतं. अग्निशामक हाताशी आणि पाण्याची बादली दारात. 2021 च्या काल्डोर आगीत शेजारच्या एल डोराडो परगण्यातलं ग्रिझली फ्लॅट्स गाव बहुतांश जळालं. तेव्हापासून इकडचे लोक वाळल्या गवताशेजारी ठिणगी उडवत नाहीत, म्हणून गाडी अंगणात न घेता आतच ठेवली आहे. ग्राइंडरचं गार्ड काढून कोपऱ्यात शिरायचा मोह होतो, ते तो काढत नाही. "उद्यमनगरात दोन बोटं कमी असलेले लई बघितलेत," एवढंच म्हणाला.

एक. बायकोने डबा दिला होता, तांबडा रस्सा आणि भाकरी. हात तीनदा धुतले तरी भाकरीला ग्रीसचा वास.

जेवताना विषय आपल्याकडच्या गाड्यांवर गेला. मारुती जिप्सीला पुढेमागे सरळ ॲक्सल आणि कमानपाटे होते, म्हणून डोंगरात जाणारे तिला अजून सोडत नाहीत. 2010 ची महिंद्रा थार पुढून स्वतंत्र सस्पेन्शनची निघाली. जिम्नी परत सरळ ॲक्सल घेऊन आली, पण कॉइल स्प्रिंगवर. हे घरचं काम महाराष्ट्रात करून गाडी रस्त्यावर आणता येईल का? मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कारखान्याच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते ठामपणे उचलून धरलं. कॅलिफोर्नियात मोकळीक जास्त आहे, धुराची तपासणी ॲक्सल बघत नाही. पण चासी जमिनीपासून किती उंच असावी याला इथेही कायद्याची मर्यादा आहे.

दोन. आता मोजणं, आणि संध्याकाळपर्यंत मोजणंच. बघणाऱ्याला वाटतं की अशा कामात वेल्डिंग हेच काम. वेल्डिंग सगळ्यात कमी वेळाचं आहे. ॲक्सल अर्धा इंच वाकडा बसला तर गाडी आयुष्यभर एका अंगाला ओढत राहील, आणि वेल्डिंग कितीही सुबक असलं तरी ते काही कामाचं नाही.

चासीवरून ओळंबे सोडले, मागच्या ॲक्सलच्या दोन टोकांवरूनही सोडले. खाली सिमेंटवर खडूने खुणा केल्या. मग चौकोनाचे दोन कर्ण मोजायचे, डाव्या मागच्या खुणेपासून उजव्या पुढच्या खुणेपर्यंत आणि उलट. दोन्ही सारखे आले तर ॲक्सल काटकोनात. पहिल्या मापाला फरक सुताराने चालवून घेतला असता एवढा होता. याने पाटे टांगायचा पुढचा हँगर परत सैल केला. मी टेपचं एक टोक धरून गुडघ्यावर बसलेलो, तो दुसऱ्या टोकाला, मधे इंजिन. आकडा मोठ्याने म्हणायचा, त्याने परत म्हणायचा, खडूने भिंतीवर लिहायचा.

पुढचा हँगर म्हणजे चासीच्या नाकाला लागणारा जाड आडवा तुकडा. जुने आडवे पट्टे कापल्यावर चासीचे दोन दांडे फाकू नयेत हेही त्याचंच काम. तो आणि बाकीचे कंस फ्रेस्नोहून आले आहेत. टोयोटाचे पिकअप दगडांत घालणाऱ्यांची त्या गावी पंढरी म्हणावी, मार्लिन क्रॉलर आणि ट्रेल-गिअर दोन्ही तिथल्याच. मागे शॅकलसाठी, म्हणजे पाट्याचं मागचं टोक धरणाऱ्या झुलत्या कडीसाठी, चासीला आरपार भोक पाडून त्यात जाड नळी बसवायची. होल सॉ पत्र्यातून जाताना ड्रिल मनगट पिळतं, म्हणून ते दोघांनी धरलं. चाक दरवाजापुढच्या पत्र्याला घासू नये म्हणून ॲक्सल मूळ जागेपेक्षा साधारण इंचभर पुढे घेतला आहे.

आणखी एक अडचण जुन्या टोयोटाची. 1985 चा ॲक्सल नंतरच्या गाडीच्या मागच्या ॲक्सलपेक्षा अरुंद आहे. तसाच लावला तर पुढची चाकं आत आणि मागची बाहेर. उपाय त्याच्याच ढिगात होता. सकाळी काढलेल्या स्वतंत्र सस्पेन्शनचे हब आणि ब्रेकच्या डिस्क जुन्या ॲक्सलवर बसतात आणि दर बाजूला सुमारे दीड इंच रुंदी मिळते. मोडीतला माल लगेच विकायचा नाही, तो यासाठी.

साडेपाच. वेल्डिंग. चासीचा रंग घासून चकचकीत लोखंड काढलेलं आहे. अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ, नाहीतर करंट बेअरिंगांतून वाट काढतो आणि त्यांना डाग पाडतो. आधी फक्त टॅक मारले, मग परत ओळंबा आणि परत कर्ण. नंतर दोन इंच इकडे, दोन इंच तिकडे, कारण एकाच बाजूला सलग वेल्ड मारला की लोखंड तापून ओढलं जातं. चासीच्या उंचीत उभी आडछेद रेघ तो मारत नाही, पट्टीची टोकं तिरकी कापून घेतली आहेत. मला हेल्मेट दिलं होतं, त्यातून हिरवा ठिपका दिसला. तासाभरात झालं.

सात. ॲक्सल ट्रॉलीवरून गाडीखाली सरकवला, कमानपाट्यांचे डोळे हँगरमध्ये, मागचे शॅकलमध्ये, आणि यू-बोल्ट. यू-बोल्ट नवेच घ्यायचे, एकदा ताणलेले परत वापरायचे नाहीत. चाकं चढली, घोड्या निघाल्या आणि गाडी सकाळपेक्षा चांगली चारेक इंच उंच होऊन आपल्या पायांवर उभी राहिली. घरातून मुलं बघायला आली. लहानग्याला पायरी लागेल असं म्हणून ती लगेच आत गेली.

भार बसल्यावर आणखी एक माप. नकलवर चुंबकी कोनमापक ठेवून कॅस्टर बघितला. सुकाणू आपोआप सरळ यावं म्हणून हा कोन लागतो. पण ॲक्सल मागे कलवून कॅस्टर वाढवला की पिनियनचं तोंड खाली जातं आणि प्रोपेलर शाफ्टचा सांधा वाकड्या कोनात फिरतो. एकाला दिलं की दुसऱ्याचं जातं. मापक अडीच अंशांच्या आसपास आला, त्याला तीन ते पाचच्या मधे हवा. पाटा आणि ॲक्सलच्या गादीत पोलादी पाचर घालून तो वाढवता येतो. ते उद्या.

नऊ. हात धुतले. स्टिअरिंगचा आडवा दांडा अजून जोडायचा आहे. जुना स्टिअरिंग बॉक्स ठेवून नकलच्या वर नवे हात लावायचे, म्हणजे दांडे जवळजवळ आडवे राहतात आणि खड्ड्यात चाक वर गेलं तरी सुकाणू हातात फिरत नाही. ब्रेकच्या लांब लवचीक नळ्या लावायच्या, हवा काढायची, डिफरन्शियलमध्ये नवं तेल भरायचं. शंभर-एक किलोमीटर चालल्यावर प्रत्येक यू-बोल्ट परत आवळायचा, कारण नवे पाटे बसतात आणि बोल्ट सैल होतात.

कुणाला हे करायचा मोह झालाच तर एवढं सांगतो. रोज हायवेने कचेरीत जाणाऱ्याने कारखान्याचं सस्पेन्शन काढू नये, सरळ ॲक्सलवर गाडी जड चालते आणि प्रत्येक खड्डा दोन्ही चाकांना कळतो. आणि अशी बदललेली गाडी कुणी विकायला काढली असेल, तर रंग बघण्याआधी खाली वाकून चासीवरचे वेल्ड बघा आणि टेप घेऊन दोन्ही बाजूंचं पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचं अंतर मोजा. दोन्हीकडे सारखं नसेल तर पैसे खिशातच ठेवा.