तालमीतून व्यवसायाकडे

छत्रपती संभाजीनगरात नाटकाची वाट बहुधा एकांकिकेपासून सुरू होते. विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग, युवक महोत्सव आणि राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी ही नवोदितांची हक्काची दारे. दिवसा कॉलेज किंवा नोकरी, संध्याकाळी तालीम; संहितेच्या समासात पेन्सिलीने हालचाली टिपण्याची शिस्त इथेच लागते. गटाने टिकून काम करण्याचे मोल मोठे आहे. याच शहरात घडलेल्या ‘जिगीषा’ या नाट्यसंस्थेतील लेखक प्रशांत दळवी आणि दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी यांची जोडी मुंबईतही एकत्र राहिली; १९९१ मध्ये त्यांचे ‘चारचौघी’ हे नाटक व्यावसायिक रंगभूमीवर गाजले. नाटकाच्या जोडीला नृत्य शिकायचे असेल, तर एमजीएम शिक्षणसंस्थेच्या परिसरातील ‘महागामी’ गुरुकुल आहे. तिथे कथक आणि ओडिसी शिकवतात.