मिठागरातील उष्णता, तापमान आणि ऊर्जा

काशीमीरा नाक्यावरील डांबरी रस्ता आणि तेथून पश्चिमेस भाईंदरच्या खाडीकाठचे मिठागर यांवर एप्रिलातील ऊन सारखेच पडते. तरीही भर दुपारी त्या रस्त्यावर अनवाणी पाऊल ठेववत नाही, आणि मिठागराच्या पहिल्या वाफ्यातील पाणी मात्र कोमटच राहते. शहराच्या वाढीबरोबर या भागातील मिठाचा धंदा पुष्कळसा मागे पडला. परंतु उष्णता, तापमान व ऊर्जा या तीन संकल्पनांतील भेद दाखविण्यास मिठागराइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल.

हा भेद पदवीधर विद्यार्थ्यांच्या उत्तरांतही वारंवार पुसट होतो, आणि त्यात भाषेचाही थोडा वाटा आहे. तापमानाला मराठीत ‘उष्णतामान’ असेही म्हणतात. त्या शब्दावरून तापमापक उष्णता मोजतो असा ग्रह सहज होतो. वास्तविक तापमापक उष्णता मोजत नाही.

निरभ्र दुपारी जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट, म्हणजे तासाभरात ३६ लाख जूल इतकी ऊर्जा येते. दहा सेंटीमीटर खोल पाण्याचा थर ती सर्व शोषून घेतो आणि बाष्पीभवन मुळीच होत नाही असे धरल्यास त्याचे तापमान तासात सुमारे साडेआठ अंशांनी चढेल. उलटपक्षी ती सर्व ऊर्जा बाष्पीभवनात खर्ची पडल्यास जेमतेम दीड मिलिमीटर जाडीचे पाणी उडून जाईल व तापमान तसूभरही हलणार नाही. प्रत्यक्षात या दोहोंच्या मधला प्रकार घडतो. डांबराला बाष्पीभवनाची ही वाट मोकळी नाही; म्हणून प्रारण व वारा यांच्या द्वारे होणारा ऊर्जेचा व्यय आवकेशी तुल्यबळ होईपर्यंत त्याचे तापमान चढतच राहते.

तापमान हे रेणूंच्या सैरावैरा गतीतील सरासरी ऊर्जेचे निदर्शक होय. बाष्पीभवनात पुरविलेली ऊर्जा ही गती वाढविण्याकडे न जाता रेणूंमधील आकर्षण तोडण्याकडे जाते. ३० अंश सेल्सिअसला एक ग्रॅम पाण्यासाठी सुमारे २४३० जूल लागतात. त्यांपैकी सुमारे १४० जूल हवेला मागे सारण्याच्या कार्यात जातात. उरलेले २२९० जूल आंतरिक ऊर्जेत भर घालतात. उष्णता हे नाव केवळ तापमानातील फरकामुळे होणाऱ्या ऊर्जेच्या संक्रमणाला आहे. तेव्हा बाष्पात उष्णता ‘साठली’ आहे, हा प्रयोग सैल म्हटला पाहिजे. ‘सुप्त उष्णता’ या रूढ संज्ञेवरही उष्णतेला एक सूक्ष्म द्रव मानणाऱ्या काळाची छाया आहे. जोसेफ ब्लॅक याने अठराव्या शतकात ही कल्पना मांडली, तेव्हा जूलचे प्रयोग अद्याप ऐंशी वर्षे दूर होते. तरीही उष्णता आणि तापमान या दोन भिन्न राशी आहेत हे ब्लॅकने अचूक हेरले, आणि त्याचे महत्त्व द्रवाच्या कल्पनेबरोबर संपले नाही.

मिठागरातील खरी मौज शेवटच्या वाफ्यात आहे. खाडीचे पाणी एकामागून एक वाफ्यांतून पुढे सरकताना घट्ट होत जाते, आणि मीठ धरू लागते तेव्हा मूळ आकारमानाचा सुमारे दशांशच शिल्लक असतो. अशा संपृक्त द्रावणावरील बाष्पदाब शुद्ध पाण्याच्या सुमारे तीन चतुर्थांशच भरतो. त्यामुळे बाष्पीभवन मंदावते आणि ऊन तेवढेच असूनही पाणी अधिक तापते. त्या वाफ्यात हात घालणाऱ्याला तेथे ऊन अधिक ‘लागते’ असे वाटेल. पण त्या वाढीव तापमानाचा अर्थ नेमका उलट आहे. तेथे आलेल्या ऊर्जेतील कमी भाग पाणी उडविण्याच्या कामी येत असतो. दमट, वारा पडलेल्या दिवशी हाच प्रकार साऱ्या मिठागरात थोड्याबहुत प्रमाणात घडतो. पाणी तापते, पण मीठ रेंगाळते.

एक किलोग्रॅम मीठ धरण्यासाठी समुद्राचे सुमारे ३५ किलोग्रॅम पाणी आटावे लागते, म्हणजे साडेआठ कोटी जूल खर्ची पडतात. दगडी कोळशाने हे काम करावयाचे, तर भट्टीत मुळीच नासाडी न होताही तीन किलोग्रॅमहून अधिक कोळसा लागेल. ही ऊर्जा मिठाच्या ढिगात शोधून सापडणार नाही. ती बाष्पाबरोबर हवेत गेलेली असते आणि त्याचे ढग जेथे बनतील तेथे मोकळी होते.