फळ्याकडून पडद्याकडे : जाणता शिक्षक पुन्हा नवशिका होतो तेव्हा



आजचा विषय तसा साधा वाटेल. चाळीस वर्षं शिकवलेला माणूस. खडू हातात घेतला की वर्ग त्याच्या ताब्यात. त्याच माणसाला तुम्ही संगणकासमोर बसवा, आणि बघा काय होतं. आवाज चाचरतो, वाक्यं तुटतात, 'ऐकू येतंय ना?' हे दर दोन मिनिटांनी. लोक म्हणतात, वय झालं. नवीन गोष्टींची भीती वाटते. आमचं म्हणणं असं की हे उत्तर फार वरवरचं आहे. आम्ही स्वतः यातून गेलो आहोत, म्हणून थोडं खोलात जाऊन पाहू.

पहिला प्रश्न : हा माणूस विसरतो काय? विषय तर तो विसरलेला नसतो. न्यायदर्शन त्याला कालही येत होतं, आजही येतं. मग अडतं कुठे?

मायकेल पोलान्यी नावाचा विचारवंत होता. मूळचा रसायनशास्त्रज्ञ, पुढे तत्त्वज्ञानाकडे वळलेला. त्याचा 'पर्सनल नॉलेज' हा ग्रंथ 1958 सालचा. त्यात तो एक भेद करतो. आपलं लक्ष एका गोष्टीवर असतं आणि दुसऱ्या कशाच्या तरी आधाराने असतं. पियानो वाजवणाऱ्याचं लक्ष सुरावटीवर असतं. बोटांचं भान असतं, पण ते मागे, आधारासारखं. त्याने मध्येच बोटांकडे लक्ष वळवलं की वादन अडखळतं. आपल्याकडे पेटी वाजवणाऱ्या कुणालाही हे विचारा, तो हसून मान डोलावेल.

खडू आणि फळा ही आमची बोटं होती. फळ्यावर लिहिताना आपण लिहितो आहोत हे आमच्या लक्षातही नसायचं. लक्ष असायचं पोरांच्या चेहऱ्यावर. आता पडद्यावर काय झालं, तर साधन पुढे आलं आणि विद्यार्थी मागे गेला. कुठलं बटण, कुठली खिडकी, आवाज चालू आहे की बंद. सगळं लक्ष बोटांवर, मग सुरावट कशी उमटणार?

ह्यूबर्ट आणि स्टुअर्ट ड्रायफस या दोघा भावांनी 1980 मध्ये कौशल्याच्या पाच पायऱ्या मांडल्या. नवशिका नियम घोकत चालतो. तज्ज्ञाला नियम आठवावे लागत नाहीत, प्रसंग दिसला की कृती सुचते. अनुभवी शिक्षकाची अडचण अशी की तो एकाच तासात पाचव्या पायरीवरही असतो आणि पहिल्याही. विषयात तज्ज्ञ, साधनात नवशिका. तेही विद्यार्थ्यांदेखत! यात लाज वाटते, ती आम्ही नाकारत नाही. पण ही लाज म्हणजे बुद्धी मंदावल्याची खूण नव्हे, हे समजून घेतलं पाहिजे.

आता दुसरा मुद्दा, आणि आमच्या मते हा जास्त महत्त्वाचा. साधन हाताला सवयीचं झालं म्हणजे काम झालं का?

ली शुलमन यांनी 1986 मध्ये दाखवून दिलं की विषय येणं आणि तो शिकवता येणं यांच्यामध्ये एक तिसरं ज्ञान असतं. अमुक संकल्पना मुलांना कुठे अडते, कोणत्या उदाहरणाने सुटते, हे ते ज्ञान. पुण्य मिश्र आणि मॅथ्यू कोहलर यांनी 2006 मध्ये त्यात तंत्रज्ञानाची भर घातली. त्यांच्या मांडणीचं सार असं, की विषय, अध्यापन आणि तंत्र ही तीन वेगवेगळी गाठोडी करून चालत नाही. खरं ज्ञान या तिन्हींच्या सांध्यावर असतं. आणि प्रशिक्षणवर्गात बहुधा काय शिकवतात? बटणं. सांधा ज्याचा त्याने शोधायचा.

आमचा सांधा कुठे निखळला ते सांगतो. आम्ही न्यायदर्शनातलं पंचावयवी अनुमान शिकवत होतो. पर्वतावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर आहे, हा हेतू. जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघर, हे उदाहरण. हा पर्वतही तसाच, हा उपनय. म्हणून पर्वतावर अग्नी आहे, हे निगमन. आम्ही मोठ्या हौसेने हे पाचही अवयव एकाच स्लाइडवर बसवले. रंगीत, सुबक. तास संपला, एकही प्रश्न आला नाही. आम्हाला वाटलं, समजलं!

नंतर लक्षात आलं. फळ्यावर आम्ही हेतू लिहून थांबायचो, मागे वळायचो. कुणीतरी म्हणायचंच, 'सर, धूर आहे म्हणून अग्नी असेलच कशावरून?' मग त्या शंकेचं उत्तर म्हणून उदाहरण यायचं. नैयायिक या अनुमानाला परार्थानुमान म्हणतात, दुसऱ्याला पटवण्यासाठी केलेलं अनुमान. दुसऱ्याची शंका उठली, तर त्याला अर्थ. आमच्या स्लाइडने काय केलं? शंका उठायच्या आतच निगमन समोर ठेवलं. म्हणजे ते थांबणं, जे आम्ही कधी 'पद्धत' म्हणून शिकलोच नव्हतो, तेच हरवलं.

पुढच्या खेपेला आम्ही एकेक ओळ उघडायला शिकलो. हेतू दाखवायचा, थांबायचं, प्रत्येकाने आपली शंका लिहून पाठवायची. तंत्र म्हणून ही गोष्ट किरकोळ आहे. पण ती कुठे वापरायची, हे चाळीस वर्षांच्या फळ्यानेच सांगितलं. म्हणजे अनुभव अडसर ठरला, तसाच तो वाटाड्याही ठरला.

तिसरी गोष्ट सांगताना आम्हाला थोडा संकोच होतो. 2020 च्या टाळेबंदीत आम्ही निवृत्तीनंतरही काही तास घेत होतो. एक विद्यार्थिनी बहुतेक तासांना मध्येच नाहीशी व्हायची. आम्ही तिला बेशिस्त समजलो, एकदा बोललोही. काही आठवड्यांनी तिचाच फोन आला. म्हणाली, 'सर, घरात फोन एकच आहे. धाकट्या भावाचा तासही त्याच वेळी असतो. आणि व्हिडिओला डेटा पुरत नाही.' मग जरा थांबून, 'तुम्ही नुसतं बोलून पाठवाल का?'

इतके दिवस आम्ही साधन शिकत होतो आणि विद्यार्थीच आमच्या नजरेआड होता. त्यानंतर दहा मिनिटांचं ध्वनिमुद्रण, शेवटी एक प्रश्न, असं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू लागलो. आवाजाला डेटा कितीतरी कमी लागतो. उत्तरं रात्री उशिरा यायची, भाऊ झोपल्यावर. वर्गात कधी तोंड न उघडणारी दोन-तीन मुलंही त्यात बोलती झाली. हे आम्हाला फळ्याने कधी दिलं नव्हतं, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

प्लेटोच्या 'फीड्रस' या संवादात थामस राजाची कथा आहे. थ्यूथ हा देव त्याच्यापुढे लेखनकला ठेवतो, आणि राजा म्हणतो की याने स्मरण वाढणार नाही, उलट विसरभोळेपणा वाढेल. ज्ञानाचा नुसता आभास होईल. आमच्या पिढीला ही कथा फार आवडते, तंत्रज्ञानावर टीका करायला बरी पडते. पण ती आपल्यापर्यंत पोहोचली कशी? प्लेटोने ती लिहिली म्हणून! तेव्हा साधन चांगलं की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. याने काय हरवतं, काय मिळतं आणि कुणाला मिळतं, असं विचारावं.

म्हणून आमच्या वयाच्या शिक्षकांना एवढंच सुचवतो. एका वेळी एकच साधन घ्या, आणि तुम्हाला तोंडपाठ असलेल्या धड्यावर ते वापरून बघा; लक्ष एकाच ठिकाणी अडखळेल. 'मला हे येत नाही, कुणी दाखवेल का?' असं वर्गाला मोकळेपणाने विचारा. आपण आयुष्यभर मुलांना सांगत आलो की न कळणं हा गुन्हा नाही. ते स्वतः करून दाखवायची ही संधी आहे. आणि साधन निवडण्याआधी, समोरच्याच्या हातात काय आहे, हे विचारून घ्या. आम्ही ते उशिरा विचारलं. त्या मुलीने फोन केला नसता, तर कदाचित कधीच विचारलं नसतं.

आता आपण प्रश्नांकडे वळू. आवाज नीट येतोय ना सगळ्यांना?