गाडीची गादी आणि काळी माती

दिवाळीला मोटारीने वाशिमकडे गेलेल्या कुटुंबाबरोबर परतीला एक पाहुणी हमखास येते. ती म्हणजे वऱ्हाडची काळी माती! कपाशीची ही माय गाडीच्या कापडी गाद्यांची मात्र वैरीण होते.

चिखल लागला की आपण लगेच ओले फडके घेतो, आणि तेथेच घात होतो. या मातीचे कण अतिशय बारीक. पाण्याने ते फुगतात, चिकटतात आणि विणीत खोल शिरतात. म्हणून चिखल आधी पूर्ण वाळू द्यावा. वाळताना माती आकसते, तिला भेगा पडतात. मग ती मऊ ब्रशाने झाडावी. उरलेला डाग सौम्य साबणाच्या फेसाने कडेकडून मध्याकडे टिपावा. पाणी बेताचेच वापरावे आणि दारे उघडी ठेवून गादी वाळवावी. ओल मुरली की बुरशी आलीच.

शिदोरीतली हळद सांडली, तर साबण लागताच डाग लाल होतो. घाबरू नये, धुऊन ऊन द्यावे, तो फिका पडतो.

पुढची काळजी म्हणून धुता येणारी सुती खोळ घालावी. मात्र आसनाच्या कुशीत एअरबॅग असेल, तर ती झाकणारी खोळ मुळीच नको. गादीपेक्षा गादीवरचे माणूस मोलाचे!