भेंड्यांतील ‘ळ’ आणि ‘ल’ : गीतशृंखलेचा एक भाषिक विचार

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतील एखाद्या घरी लग्नाच्या आदल्या रात्री, किंवा कोजागरीला गच्चीवर दूध आटत असता, गाण्याच्या भेंड्या रंगात येतात आणि एका पक्षाचे ध्रुवपद ‘आभाळ’, ‘सकाळ’ अथवा ‘जवळ’ अशा शब्दावर संपते. समोरचा पक्ष क्षणभर थबकतो. ‘ळ’ ने आरंभ होणारे गाणे नाही, कारण ‘ळ’ ने आरंभ होणारा शब्दच मराठीत नाही. तेव्हा कोणीतरी वडीलधारे माणूस निवाडा देते : “ळ चा ल धरा.” खेळ पुढे चालू होतो. या निवाड्यास कोणत्याही ग्रंथाचा आधार लागत नाही. तथापि त्याच्या मागे मराठी भाषेच्या घडणीचे एक महत्त्वाचे तत्त्व उभे आहे. त्याचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

हा खेळ जुना आहे. वात्स्यायनाच्या कामसूत्रातील चौसष्ट कलांच्या यादीत ‘प्रतिमाला’ नावाची कला येते, आणि यशोधराची जयमंगला टीका तिचा अर्थ अंत्याक्षरी असाच करते. महाराष्ट्रात भेंड्या प्रथम श्लोक, आर्या, ओव्या व अभंग यांच्या लावल्या जात. पुढे नाट्यपदांची भर पडली. मंगळवार पेठेलगतच्या खासबाग परिसरात १९१५ साली पॅलेस थिएटर उभे राहिले, १९२९ साली कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनीची स्थापना झाली, आणि १९३२ साली तिच्या ‘अयोध्येचा राजा’ने मराठी बोलपटाचे युग सुरू केले. रंगभूमीची व बोलपटाची गाणी पेठेतील माणसांच्या कानी अशी घराजवळच पडू लागली. भेंड्यांचे भांडवल बदलले, नियम मात्र बदलला नाही.

त्या नियमाचे वैशिष्ट्य तुलनेने अधिक उठून दिसते. जपानमध्ये ‘शिरितोरी’ या नावाचा शब्दशृंखलेचा खेळ सर्वत्र परिचित आहे. या नावाचा अर्थच ‘शेपूट धरणे’ असा होतो. कोबे येथील दाइसुके इनोउए यांनी १९७१ साली वाद्यसाथीचे यंत्र बनविले. पुढे असे गायन ‘कराओके’ म्हणून रूढ झाले, आणि तेथेही हा खेळ पोहोचला. आधीच्या गीताच्या नावातील शेवटचे अक्षर ज्या गीताच्या नावारंभी येते, ते गीत पुढच्याने निवडावयाचे. येथे दोन भेद लक्षात घ्यावे लागतात. जपानी खेळात गीताचे शीर्षक मोजले जाते. मराठीत गीताला बहुधा निराळे शीर्षक नसते. त्याचे पहिले शब्द हेच त्याचे नाव. अभंगांच्या छापील गाथांना जोडलेली अकारादि सूची याच समजुतीवर रचलेली असते.

दुसरा भेद अधिक मूलगामी आहे. जपानीत स्वरासह संपूर्ण अक्षर पुढे दिले जाते. ‘रा’ आणि ‘री’ ही तेथे दोन निरनिराळी देणी होत. मराठी भेंड्यांत ‘रे’, ‘री’, ‘रा’ यांपैकी काहीही आले तरी पुढे जातो तो केवळ ‘र’. याचे कारण खेळाडूंच्या सैलपणात शोधू नये. जपानी अक्षर, एका अनुनासिकाचा अपवाद वगळता, स्वरान्त असते. स्वर तेथे नेहमी हाती असतो. मराठीत ‘घर’, ‘रात’, ‘मन’ हे शब्द लिहिताना अकारान्त, परंतु उच्चारताना व्यंजनान्त असतात. अशा शब्दांवर गीत संपले तर पुढे देण्यास स्वर उरतच नाही. म्हणून मराठी खेळाने सर्व परिस्थितींत टिकणारा अंश, म्हणजे व्यंजन, एकक म्हणून स्वीकारला. देवनागरी लिपीत मात्रा व्यंजनाच्या आश्रयाने राहते, ही गोष्टही त्यास पोषकच ठरली. ‘आई’ किंवा ‘गाऊ’ अशा शब्दाने गीत संपले असता मात्र निव्वळ स्वर पुढे जातो, आणि तेथे ऱ्हस्वदीर्घाची सवलत कितपत द्यावी हे खेळणारे आपसात ठरवून घेतात.

विशेष असे की, जपानी अक्षरांचा ‘आ, इ, उ, ए, ओ’ आणि ‘का, सा, ता, ना’ हा क्रम बौद्ध पंडितांनी केलेल्या सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून, म्हणजे भारतीय वर्णमालेच्याच आधाराने, सिद्ध झाला. एकाच वर्णक्रमाचा संस्कार असलेल्या दोन समाजांनी शृंखलेचे एकक मात्र आपापल्या भाषेच्या उच्चारास अनुसरून निवडले.

आता ‘ळ’ कडे वळता येईल. जपानीत तोच प्रश्न वर सांगितलेल्या अनुनासिकाने उभा केला आहे. त्याने आरंभ होणारा शब्द नेहमीच्या भाषेत नसल्याने, शिरितोरीत त्यावर संपणारा शब्द उच्चारणारा खेळाडू हरतो. मराठी खेळ असा दंड करीत नाही. तो ‘ळ’ चा ‘ल’ आणि ‘ण’ चा ‘न’ करून देणे पुढे चालवितो. परंतु ही दोन रूपांतरे परिणामाच्या दृष्टीने समान नाहीत.

मराठी वाक्याच्या शेवटी सामान्यतः क्रियापद येते. त्यामुळे गीताच्या अखेरीस ‘-तो, -ते’ हे वर्तमानकाळाचे आणि ‘-ला, -ली, -ले’ हे भूतकाळाचे प्रत्यय वारंवार पडतात. ‘मला’, ‘तुला’ यांतील विभक्तिप्रत्ययही ‘ल’ वरच संपतो, आणि त्यांत ‘ळ’ ची भर पडते. उलट, गीताचा आरंभ सर्वनामाने, संबोधनाने, प्रश्नाने किंवा निषेधाने होण्याकडे कल असतो. म्हणून ‘त’ आला असता ‘तू’ व ‘तुझा’ धावून येतात. ‘म’ ला ‘मी’ व ‘माझा’, ‘क’ ला ‘का’ व ‘कोण’, ‘य’ ला ‘या’ व ‘ये’ हे शब्द साहाय्य करतात. ‘ण’ चा ‘न’ झाला तरी ‘नको’ आणि ‘नाही’ तयारच असतात. परंतु ‘ल’ ने आरंभ होणारे सर्वनाम मराठीत नाही, प्रश्नार्थक शब्द नाही, निषेधवाचकही नाही. तेथे ‘लाज’, ‘लेक’, ‘लाल’, ‘लहान’ अशा मोजक्या नामा-विशेषणांवरच भिस्त ठेवावी लागते. तात्पर्य, मराठीचे व्याकरण वाक्याच्या अखेरीस जे अक्षर सढळपणे मागते, तेच ती भाषा वाक्यारंभी हात राखून देते. भेंडी चढविण्यात वाकबगार असलेली माणसे ‘ल’ वर संपणारी गाणी राखून ठेवतात, ती याच जाणिवेने. तिचे शास्त्र त्यांनी कधी मांडलेले नसले तरी.

यातून स्मरणाचाही एक प्रश्न उद्भवतो. गीत त्याच्या गुणामुळे लक्षात राहते, तसेच आद्याक्षराच्या दुर्मिळतेमुळेही राहते. ‘ठ’, ‘ढ’, ‘झ’ यांनी आरंभ होणारे एखादे सामान्य पद घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या जपले जाते, आणि ‘म’ ने आरंभ होणारी कितीतरी सरस पदे गर्दीत हरवतात. शिवाय भेंड्यांना ध्रुवपदच पुरते. अंतरे हळूहळू विस्मृतीत जातात. म्हणजे हा खेळ गीतांचा रक्षक आहे, तसाच त्यांची काटछाट करणाराही आहे.

आज फोनच्या पडद्यावर आद्याक्षर लिहिताच गीतांची यादी उभी राहते, आणि कराओकेवर शब्दही समोर उमटतात. या सोयीने गाणाऱ्यास अंतरे परत मिळतील हे खरे. परंतु ‘ळ’ चे काय करावयाचे, हा वाद मात्र पडद्यासमोर होणार नाही. भाषेविषयीचे अलिखित ज्ञान प्रकट होते ते अशाच वादांत. वऱ्हाडी बोलीत ‘डोळा’ चा ‘डोया’ होतो. तेथील माणूस केवळ कानावर विसंबला, तर त्याचा ‘ळ’ कोठे जावा? कोल्हापूरकडील बोलीत ‘पाणी’ चे ‘पानी’ सहज होते. तेव्हा ‘ण’ चा ‘न’ ही सवलत मानावी की उच्चाराचीच नोंद? या प्रश्नांची उत्तरे ग्रंथालयात मिळणार नाहीत. पेठेतील ज्या वृद्ध स्त्रीपुरुषांनी श्लोकांच्या आणि गाण्यांच्या, अशा दोन्ही भेंड्या खेळल्या आहेत, त्यांच्या बैठका ध्वनिमुद्रित करून गाण्यांइतकेच त्यांतील तंटे आणि निवाडेही टिपून ठेवणे, हे मराठीच्या अभ्यासकास आज करता येण्याजोगे व विलंब न लावता करावयाचे काम आहे.